एक्क्याण्णवच्या फायनलचा निकाल

९ नोव्हेंबर, रविवार

आज पोह्यांच्या टपरीवर पुष्करने मला दहा मिनिटं दिली. या दहा मिनिटांची मी चौतीस वर्षं वाट बघतोय, हे त्या पोराला काय ठाऊक!

पुष्कर आमच्या उदयाचल क्रीडा मंडळाचा सचिव. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून अठ्ठावीस डिसेंबरला मैदानावर मोठा सोहळा आहे. खेळाडू बोलणार, प्रशिक्षक बोलणार, आणि प्रेक्षकांतर्फे मी, गिरिधर पांढरीपांडे, विमा कचेरीतून निवृत्त. विषय आहे ‘आपले तगडे प्रतिस्पर्धी’. मी स्वतः बास्केटबॉल कधी खेळलो नाही. पाच फूट तीन इंचात तो खेळता येत नाही, फक्त ओरडता येतं. पण मंडळाचा एकही सामना मी सोडलेला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही गेलो होतो. यमू ते अजून विसरलेली नाही.

चंपतराव शेजारी बसून पोह्यांवरची झणझणीत तर्री ओरपत होता. त्याचं इतवारीच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. सामन्याला येताना तो दुकानातली पितळी परात आणि पळी घेऊन यायचा आणि अशी बडवायचा की एकदा पंचांनी परातीलाच ताकीद दिली होती. तो म्हणाला, “गिरिधर, दहा मिनिटांत दुसरं काही सांगू नको गा. खापरखेडा सांग. एक्क्याण्णव सांग.”

मी दुसरं काही सांगणारच नव्हतो. मुंबईचे संघ आम्हाला दरवर्षी धुवायचे, पण त्यांना प्रतिस्पर्धी म्हणत नाहीत. ती आपत्ती. प्रतिस्पर्धी म्हणजे खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीचा संघ. आज आम्ही, उद्या ते.

एक्क्याण्णव साली हिवाळी चषकाची फायनल त्यांच्याच मैदानावर होती. तिथे विजेचा भोंपू वगैरे नव्हता. वेळ बघणारा माणूस हातात घड्याळ धरून बसायचा आणि वेळ संपली की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा हाणायचा. आम्ही एकसष्ट, ते साठ. शेवटचे काही क्षण उरलेले. आणि तेवढ्यात वीज केंद्राचा पाळी बदलायचा भोंगा सुरू झाला! आमची शहरातली पोरं, त्यांना वाटलं सामना संपला. हात वर केले, एकमेकांना मिठ्या मारल्या. कॉलनीची पोरं तो भोंगा पाळण्यापासून ऐकत आलेली, त्यांच्या कानाला तो लागलाच नाही. त्यांचा अकरा नंबर, धम्मानंद गोंडाणे, डावखुरा, वेळेच्या टेबलासमोर उभा होता. त्याने शांतपणे चेंडू टाकला आणि तो आत गेला. बासष्ट–एकसष्ट.

आमचं म्हणणं एवढंच, की भोंगा चालू असताना त्याच्याखाली रुळाचा ठोका पडून गेला होता. चेंडू नंतर सुटला. मी स्वतः ‘ठण्’ असा आवाज ऐकला. माझ्या शेजारी परात वाजवत असलेल्या चंपतरावानेही ऐकला. पण वेळ बघणारा म्हणाला, ठोका नंतर दिला. तो बिचारा आता हयात नाही. हातोडा डोळ्यांनी बघू शकला असेल असा दुसरा एकच माणूस होता, तो गोंडाणे. आणि तो त्या दिवसानंतर मला कधी दिसला नाही.

आम्ही हरलो नव्हतो. हे एकदा माईकवरून कोणीतरी सांगितलं पाहिजे. माझं वय सहासष्ट. आता नाही तर कधी?

१२ नोव्हेंबर

आज दाढी अर्धीच राहिली.

तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. सकाळी खाली टेम्पो उभा होता. मी गॅलरीत दाढी करत होतो. टेम्पोवरच्या हमालाच्या हातून मोठ्या कुकरचं झाकण निसटलं. खाली एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस पाठमोरा उभा होता. आवाज ऐकून तो वळला, जागेवरून जरासा उडाला आणि डाव्या हाताने झाकण हवेतच धरलं. बघितलंही नाही नीट.

साबण तोंडावर घेऊनच मी आत धावलो. “यमू! तो आला!”

“कोण?”

“गोंडाणे! अकरा नंबर!”

यमू म्हणाली, “सामान लावून राहिले असतील. चहा पाठवायला हवा.”

मी म्हणालो, शत्रूला चहा? ती म्हणाली, शत्रू असला तरी सकाळपासून उपाशी असेल. पोहेही केले. थर्मास मलाच वर न्यायला सांगत होती. मी दाढीचं निमित्त सांगितलं. धीर होत नव्हता हे खरं कारण.

१३ नोव्हेंबर

वर गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

त्यांनीच दार उघडलं. वीज केंद्रातून याच वर्षी निवृत्त झाले. मुलगी माया इथे जवळच राहते म्हणून शहरात आले. बायको कामिनीताई, हसऱ्या. मी खुर्चीत बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “गोंडाणेजी, मी उदयाचलचा.”

“काय उदयाचल?”

“मंडळ! बास्केटबॉल! एक्क्याण्णवची फायनल!”

त्यांनी माझ्याकडे निवांत पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, “मले तर काही आठवून नाही राहिलं, भाऊ.”

मला वाटलं खुर्ची खालून सरकली. मी सांगितलं, भोंगा, रुळाचा ठोका, तुमचा तो चेंडू. ते मान हलवत राहिले. “खेळत होतो म्हणा थोडंबहुत. पण असं काही खास नाई आठवत.”

कामिनीताई म्हणाल्या, “हे नुसते सांगतात का खेळत होतो म्हणून. लग्न झाल्यापासून यांनी घरात साधा लिंबू नाही झेलला.”

चौतीस वर्षं मी या माणसाला रोज शिव्या घातल्या. आंघोळ करताना घातल्या. कचेरीत साहेब ओरडले की साहेबांच्या वाट्याच्या याला घातल्या. आणि याला मी आठवत नाही, सामना आठवत नाही, काहीच आठवत नाही. इतका अपमान तर त्या बास्केटनेही झाला नव्हता. जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर

चंपतरावाने उपाय काढला. तो म्हणाला, “नाई आठवत तर आठवून देऊ. तू त्याले सगळं सांग ना गा. पह्यल्यापासून. एक दिवस बरोबर पेटते बत्ती.”

पटलं. ठोक्याची कबुली हवी असेल तर आधी त्याला सामना आठवला पाहिजे.

संध्याकाळी वर गेलो. त्यांची मुलगी माया आणि जावई हर्षित आलेले होते. गोंडाणे म्हणाले, “बसाजी भाऊ. ऐका गा हर्षित, हे आपल्या उदयाचलचे साहेब. हे मले माझं सांगून राहिले.” मी सुरुवात केली. सत्याऐंशीचा उपांत्य सामना, त्यात पहिल्या अर्ध्यातच यांनी एकट्याने केलेले बावीस गुण. आमचे तीन जण अंगावर घालूनसुद्धा हा माणूस मधून निघायचा. उडाला की खाली यायचं विसरायचा! आमचा कप्तान त्याच्या आधी उडून, त्याच्या आधी खाली येऊन, वर बघत उभा राहायचा.

“बापरे, बाबा?” माया म्हणाली.

“मले काय माहीत, बाई,” गोंडाणे म्हणाले. “साहेब म्हणतात तर असन.”

हर्षित मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता. त्याला आतापर्यंत वाटायचं की सासरे राखीव खेळाडू होते. बोलण्याच्या भरात माझी जीभ घसरली. मी म्हणालो, राखीव? अहो, नऊ नंबरचा बनियन अंगात चढवला की—

“अकरा,” गोंडाणे म्हणाले.

मी चमकून बघितलं. ते म्हणाले, “म्हणजे तुमीच मघाशी म्हणाले ना अकरा.”

मी म्हणालो नव्हतो बहुतेक. पण असेनही. माझ्याच स्मरणशक्तीवर शंका यायला लागली आहे.

२० नोव्हेंबर

रोज जातोय. रोज काहीतरी खायला असतं. आज तिळाची चटणी आणि भाकरी. अजून आठवलेलं नाही. पण ऐकताना त्यांचा डावा पाय हलतो, हे मी टिपून ठेवलं आहे.

२५ नोव्हेंबर

शब्दांनी भागत नाही म्हणून आज करून दाखवलं. कोबीचा गड्डा चेंडू, कपड्यांची टोपली रिंग, डायनिंग टेबल म्हणजे वेळेचं टेबल. प्रेक्षकांत कामिनीताई, माया, हर्षित, समोरच्या फ्लॅटमधल्या शोभाताई आणि त्यांची बहीण. माझा प्रेक्षकवर्ग वाढतोय हे मान्य केलं पाहिजे. आज लोकांनी आधीच खुर्च्या लावून ठेवल्या होत्या.

मी गोंडाणे झालो. उडालो, माझ्या मानाने. कोबी टोपलीवरून जाऊन टीव्हीवर आपटला.

“नाई नाई,” गोंडाणे उठले. “मनगट असं नाई. मनगट सैल पायजे.” आणि उजव्या हातात चहाचा कप तसाच ठेवून डाव्या हाताने त्यांनी कोबी असा अलगद सोडला की तो टोपलीच्या काठालाही लागला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कामिनीताईंनी तोंडावर पदर धरला.

मी ओरडलो, “आठवलं?”

ते दचकले. खाली बसले. “नाई ना, भाऊ. हातानं केलं ते. डोक्यात काहीच नाई.”

म्हणजे शरीराला आठवतंय, मेंदूला नाही. असं होतं म्हणे, मी कुठेतरी वाचलं आहे. घरी येऊन यमूला ही गुंतागुंत समजावून सांगितली. ती हसू दाबत म्हणाली, “तुम्हाला खरंच कळून नाही राहिलं?”

“काय?”

“काही नाही. पोळी घ्या.”

३ डिसेंबर

आज शेवटचा उपाय. चंपतरावाच्या व्हॅनमधून आम्ही तिघं खापरखेड्याला गेलो. प्रत्यक्ष जागा बघितली की आठवेल, हा माझा हिशेब.

मैदान आहे अजून, पण फरशी फुटून त्यातून घाणेरीची झुडपं उगवली आहेत. एका खांबाला रिंग आहे, दुसऱ्याला नाही. रुळाचा तुकडा कोणीतरी केव्हाच भंगारात घातला असणार. मला एकदम वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या जागेचा द्वेष केला, पण ती अशी व्हावी असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या शहरातल्या मैदानावर दिवे आहेत, फ्लेक्स आहेत. इथे एक शेळी होती.

मी म्हणालो, “आता मी तुम्हाला ती जागा दाखवतो.” पण मी शोधेपर्यंत गोंडाणे सरळ चालत गेले आणि एका जागी उभे राहिले. बरोबर तीच जागा. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाय ओळखतात हो माणसाचे.

तेवढ्यात सायकलवरून जाणारा एक म्हातारा थांबला. “अरे धम्मा! अकरा नंबर!” गोंडाण्यांनी घाईघाईने त्याला बाजूला नेलं आणि दोघं बराच वेळ कुजबुजत होते. म्हातारा माझ्याकडे बघून हसला आणि मला हात जोडून गेला. सभ्य माणूस.

मी विचारलं, भोंगा केव्हा होतो? गोंडाणे म्हणाले, पहिल्यासारखा नाही वाजत आता. आम्ही तरी वाट बघत बसलो. मग चंपतराव म्हणाला, “मी इथंच बसलो होतो. भोंगा वाजला आन् मले वाटलं जितलो आपण, तशी मी परातीवर जे एक ठण्कन हाणली ना, पळीच वाकली!”

गोंडाण्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी म्हणालो, चंपत, तुझ्या परातीचं राहू दे, आपण रुळाच्या ठोक्याबद्दल बोलतोय.

परतताना गोंडाणे खिडकीतून कॉलनीकडे बघत होते. मी त्यांना संत्रं सोलून दिलं.

१४ डिसेंबर, रविवार

आज पुष्करशी भांडलो. टपरीवाला मध्ये पडला.

सोहळ्याच्या स्मरणिकेत ‘आपले तगडे प्रतिस्पर्धी’ या पानावर मुंबई, पुणे, इंदूर, हैदराबाद असं सगळं आहे. खापरखेडा नाही. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “काका, जाहिरातदार वाचतात ते. कॉलनीची टीम कोणाला माहीत आहे? आता तर ती टीमही नाही.”

मी म्हणालो, “मला माहीत आहे ना!”

“म्हणून तर तुम्हाला दहा मिनिटं दिली, काका.”

अशा वेळी माझं डोकं फिरतं. मुंबईवाल्यांना तर आपण कोण तेही आठवणार नाही. (गोंडाण्यांनाही आठवत नाही, पण ते वैद्यकीय आहे.) चंपतराव म्हणाला, “पुष्कर, ज्याच्याकडून हारून आमी आठ दिवस जेवलो नाई, त्याचं नाव छापा लागते बाबू.” स्मरणिका छापून झाली होती. शेवटी पुष्करने एवढं कबूल केलं की गोंडाण्यांना बोलावू, पुढच्या रांगेत बसवू, नारळ-शाल देऊ.

वर जाऊन आमंत्रण दिलं. स्मरणिकेचं सांगितलं नाही. लाज वाटली.

२२ डिसेंबर

सहा दिवस राहिले. गोंडाण्यांना अजून काही आठवत नाही. मी आता पंच्याऐंशीपासून एक्क्याण्णवपर्यंतचे सगळे सामने सांगून संपवले. त्यांच्या संघातला तो लहानू, नाव लहानू आणि डोकं दाराच्या चौकटीला, त्याची कोपरं कोणाकोणाच्या बरगड्यांत गेली तेही सांगितलं. हर्षितने परवा सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. माया म्हणते, कॉलेजात लेक्चर देताना ती आता बाबांचं उदाहरण देते. कामिनीताई हल्ली त्यांना “अकरा नंबर, भाजी आणा” म्हणतात, आणि ते ताठ मानेने पिशवी घेऊन जातात. माझा मूळ प्रश्न मात्र आहे तिथेच आहे.

खरं लिहितो. मला भीती वाटते. समजा स्टेजवर त्यांना आठवलं आणि ते म्हणाले की चेंडू वेळेत सुटला होता, तर? मग चौतीस वर्षं मी काय करत होतो?

यमूला विचारलं. ती निवडायची मेथी पुढ्यात घेऊन बसली होती. म्हणाली, “आणि समजा ते म्हणाले की उशिरा सुटला, तर?”

“तर मी जिंकलो!”

“मग उद्यापासून वर जाऊन काय बोलाल?”

बायकांना खेळातलं कळत नाही. पण मी बसून सगळी मेथी निवडून दिली हेही लिहून ठेवतो.

२८ डिसेंबर, रविवार

सोहळा दुपारी संपला. घसा बसला आहे. यमूने हळदीचं दूध दिलं आहे आणि ‘मुकाट्याने प्या’ म्हणाली आहे. लिहायला कोणाची ना नाही.

मांडव भरला होता. पुढच्या रांगेत गोंडाणे, बंद गळ्याचा कोट घालून. मागे कामिनीताई, माया, हर्षित. पुष्कर सूत्रसंचालन करत होता. शाल द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, “आज आपल्यात खापरखेड्याचे एक जुने खेळाडूही आहेत. त्या काळी आपला संघ सरावासाठी अशा छोट्या संघांशीसुद्धा खेळायचा.”

सरावासाठी!

मी गोंडाण्यांकडे पाहिलं. ते शाल घ्यायला अर्धे उठले होते. तसेच थांबले. मग हसले आणि शाल घेतली. मागे मायाने मान खाली घातली. हर्षितने मोबाइल उचलला होता, तो खाली ठेवला. असं हसू मी कचेरीत फार बघितलं आहे, आणि मला ते कधीच आवडलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी गेलो. हातातले कागद खिशात घातले.

म्हणालो, “सराव? हा माणूस येणार कळलं की आमचा कप्तान आदल्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगायचा! आम्ही तीन जण याच्या अंगावर घालायचो आणि चौथा फक्त देवाचं नाव घ्यायला ठेवायचो! मुंबईकडून हरलो तर आम्ही रात्री जेवून झोपायचो. यांच्याकडून हरलो की चंपतराव दुकान उघडायचा नाही!” चंपतरावाने मागून आरोळी दिली, “हाव! खरं आहे!” मी सत्याऐंशी सांगितलं, एकोणनव्वद सांगितलं, लहानूची कोपरं सांगितली. लोक हसत होते, टाळ्या देत होते. दहा मिनिटं केव्हाच संपली होती.

पुष्करला वाटलं मला आवरावं. त्याने दुसरा माईक घेतला, “आणि काका, एक्क्याण्णवची फायनल तर आपण हरलोच नव्हतो, नाही का? यांनी भोंग्याचा फायदा घेतला!” सगळा मांडव हसला. मागून कोणीतरी ओरडलं, “रडीचा डाव!”

मला इतकंच आठवतं की माझा आवाज चिरकला. “कोण म्हणतो? चेंडू वेळेत सुटला होता! मी या डोळ्यांनी पाहिलं! भोंगा त्यांच्याही कानात होता आणि आमच्याही. आम्ही नाचत बसलो आणि हा खेळत राहिला. आम्ही हरलो, सरळ हरलो. आणि असा माणूस समोर असल्यावर हरायला लाज कसली?” खरं तर त्या क्षणी मी चंपतरावाला मिठी मारून नाचत होतो आणि मला चंपतरावाच्या खांद्याशिवाय काही दिसत नव्हतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मागची रांग उठून उभी राहिली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. चंपतराव तोंडात बोट घालून माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात गोंडाणे स्टेजवर चढले. मला वाटलं मिठी मारायला आले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला, डाव्या हाताने.

“मले सगळं आठवते,” ते म्हणाले.

अंगावर काटा आला माझ्या! दीड महिन्याची मेहनत! एखाद्या डॉक्टरला जे जमलं नसतं ते मी कोबी आणि कपड्यांच्या टोपलीवर करून दाखवलं. खाली कामिनीताई आणि यमू एकमेकींना धरून हसत होत्या, आनंदाने असणार.

गोंडाणे मात्र हसत नव्हते. “भाऊ माझ्यासाठी बोलले. माझ्या पोरीसमोर बोलले, जावयासमोर बोलले. अशा माणसाले खोट्यात नाई ठेवता येत. मी टेबलासमोर होतो. हातोडा पाह्यला मी. ठोका पडला तेव्हा चेंडू माझ्या हातात होता. मंग सोडला मी. ती बास्केट नोती. तुमी जितले होते.”

चौतीस वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो. माईकवरून, भर मांडवात, खुद्द त्याच्या तोंडून. पुष्करने टाळी वाजवली. आणि मला काय झालं कोण जाणे, इतका संताप आला की मी दुसरा माईक हिसकावून घेतला.

“साफ खोटं!”

“काहून खोटं? मी टाकला ना चेंडू!”

“भोंगा चालू होता! तुम्हाला ठोका ऐकू आलाच कसा?”

“ऐकला नाई, पाह्यला!”

“हातोडा उचललेला पाहिला असेल! पडलेला नाही! घाम आला होता डोळ्यांत तुमच्या!”

“माझ्या डोळ्यातला घाम तुमाले दिसला का तिकून?”

“दिसला! बास्केट बरोबर होती!”

“नोती!”

पुष्करने आमचे दोन्ही माईक बंद केले. आम्ही तसेच भांडत स्टेजवरून उतरलो. जेवणाच्या रांगेत भांडलो. माया मध्ये येऊन म्हणाली, “काका, बाबा स्वतःच म्हणतात ना—” मी तिला सांगितलं, तुझे बाबा त्या वेळी चोवीस वर्षांचे होते, त्यांना काय कळतं! तिने मला वाकून नमस्कार केला. का केला ते कळलं नाही. मी म्हणालो, सुखी राहा, पण तुझ्या बाबांना समजाव.

रिक्षात भांडलो, लिफ्टमध्ये भांडलो. माझा मजला आला तरी मी उतरलो नाही, तिसऱ्यापर्यंत गेलो. त्यांच्या दारात ते म्हणाले, “तुमी लय हट्टी मानूस आहा, गिरिधरभाऊ.” मी म्हणालो, धम्मानंद, तू जिंकला होतास, आणि हे मी तुझ्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय राहणार नाही.

उद्या सकाळी वर जातोय. चंपतरावालाही बोलावलं आहे. कोबी मी नेणार.